रांगामाटीची हाक परभणीला ऐकू येईल काय?

वर्षावास संपला की परभणी, पूर्णा, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरीच्या विहारांत कठीण चिवरदानाची लगबग सुरू होते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या उपासिका खिरीची पातेली घेऊन येतात, भन्तेजींची धम्मदेसना होते, चिवर अर्पण होते आणि लोक समाधानाने घरी जातात. या सोहळ्याला कुणाची परवानगी लागत नाही, की दारात पोलिसांचा बंदोबस्त लागत नाही. चिवर देताना जीव जाईल अशी भीती आपल्या आयाबहिणींना कधी वाटलेली नाही.

परंतु २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात बांगलादेशातील चितगाव पहाडी मुलुखाच्या भिक्खू संघाने जाहीर केले की, यंदा तिन्ही पहाडी जिल्ह्यांत कठीण चिवरदान होणार नाही. रांगामाटी, खागराछडी आणि बांदरबन हे ते तीन जिल्हे. भिक्खूंनी कारणही सांगितले. आम्हाला आणि आमच्या उपासकांना सुरक्षिततेची हमी नाही, असे ते म्हणाले. भगवान बुद्धांच्या काळापासून चालत आलेला हा विधी त्यांना एका वर्षापुरता थांबवावा लागला.

ही बातमी मराठी वर्तमानपत्रांतून कितीजणांनी वाचली? आंबेडकरी चळवळीच्या किती सभांमध्ये तिचा उल्लेख झाला? बोधगयेच्या महाविहारासाठी आपण रस्त्यावर उतरतो आणि ते उतरलेच पाहिजे. पण विहाराच्या दारातून भिक्खूला बाहेर पडणे मुश्किल झालेला बौद्ध समाज शेजारच्या देशात आहे, याची आपल्याला नीट माहितीही नसावी, ही गोष्ट चळवळीला शोभणारी नाही.

थोडी हकिकत सांगितली पाहिजे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी खागराछडीत मोटारसायकल चोरीच्या संशयावरून एका बंगाली माणसाला जमावाने मारले. तोही खूनच होता आणि त्याचे समर्थन कुणी करू नये. पण त्याचा सूड साऱ्या पहाडी समाजावर उगवला गेला. दिघीनाल्यात पहाडी लोकांची दुकाने जाळली गेली. दुसऱ्या दिवशी ती आग रांगामाटीला पोहोचली. चार पहाडी माणसे मारली गेली. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून पळाल्या होत्या, नव्या राजवटीची घडी बसलेली नव्हती आणि अशा वेळी दुबळ्यांवर हात उगारणाऱ्यांना मोकळे रान मिळते. बरोबर एका वर्षाने, २०२५ च्या सप्टेंबरात, त्याच खागराछडी जिल्ह्यातील गुइमारा येथे पुन्हा तीन पहाडी माणसे मरण पावली. तेथे निमित्त एका मारमा मुलीवरील अत्याचाराचे होते. न्याय मागायला निघालेल्यांनाच गोळ्या लागल्या.

हे सारे २०२४ साली सुरू झाले असे मात्र नाही. १९४७ साली या मुलुखातील ९७ टक्क्यांहून अधिक लोक बिगरमुस्लिम होते आणि त्यात चकमा, मारमा या बौद्धांची संख्या मोठी होती. आपण भारतात जाणार असे धरून १५ ऑगस्टला रांगामाटीत लोकांनी तिरंगा फडकवला. दोन दिवसांनी रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला, मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला आणि २१ ऑगस्टला बलुच रेजिमेंटने तो झेंडा उतरवला. पुढे कर्णफुली नदीवर काप्ताईचे धरण झाले. त्या पाण्याखाली पहाडातली सुमारे ४० टक्के सुपीक जमीन गेली आणि जवळपास एक लाख माणसे उठली. जायकवाडीत जमीन गेलेल्या माणसाला ते दुःख समजावून सांगावे लागणार नाही. पण जायकवाडीच्या माणसाला निदान देश सोडावा लागला नाही. चकमांपैकी हजारो लोक हद्द ओलांडून भारतात आले. त्यानंतर बांगलादेशच्या लष्करी राजवटीने सुमारे चार लाख बंगाली वसाहतदार पहाडात आणून बसवले. १९८६ पासून पुन्हा हजारो कुटुंबे त्रिपुराच्या छावण्यांत आली. २ डिसेंबर १९९७ रोजी शांतता करार झाला. जमिनीच्या तंट्यांचा निकाल लावण्याचे जे वचन त्यात होते, ते कागदावरच राहिले.

आता कापसाची एक गोष्ट. रांगामाटीच्या राजवन विहारात कठीण चिवर बाजारातून आणत नाहीत. विशाखेच्या परंपरेप्रमाणे चोवीस तासांच्या आत कापसाचे सूत काततात, ते रंगवतात, मागावर विणतात, शिवतात आणि मग चिवर भिक्खू संघाला देतात. शेकडो बाया रात्रभर बसून विणत असतात. परभणी हा कापसाचा मुलूख. आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत आल्या. त्याच कापसाचे चिवर करणाऱ्या बायांचे माग २०२४ साली बंद राहिले, हे इथल्या विहारात कुणीतरी उभे राहून सांगायला हवे होते.

कुणी म्हणेल, संपादक महाशय, परभणीत आमचेच प्रश्न कमी आहेत काय? कुठे परभणी, कुठे रांगामाटी! हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर देणे आमचे काम आहे. ते उत्तर परभणीच्याच इतिहासात आहे.

१९४७ साली परभणी भारतात नव्हती. परभणी जिल्हा (तेव्हा हिंगोलीही त्यातच होती) निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वऱ्हाडची हद्द ओलांडली की दुसरे राज्य लागत होते. रझाकारांचा जुलूम वाढला तेव्हा मराठवाड्यातील हजारो कुटुंबांनी गाडग्या-मडक्यांसह ती हद्द ओलांडली. उमरखेड, बार्शी अशा ठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. म्हणजे आज आपण ज्यांना निर्वासित म्हणतो, ते काही काळ आपले आजे-पणजेच होते.

त्या काळात, १९४७ च्या नोव्हेंबरात, भारताचे कायदेमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी एक पत्रक काढले. पाकिस्तानातील आणि हैदराबाद संस्थानातील अस्पृश्यांना उद्देशून ते होते. मिळेल त्या मार्गाने भारतात या, जुलमाला कंटाळून धर्म बदलणे हा सुटकेचा सोपा मार्ग समजू नका, ज्यांच्यावर सक्ती झाली असेल त्यांना आपण आपलेच म्हणून परत घेऊ, आणि हैदराबादच्या दलितांनी निजामाची व इत्तेहादची बाजू घेऊ नये, असा त्याचा आशय होता. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबादच्या महारवाड्यांना आणि मांगवाड्यांना थेट उद्देशून लिहिलेले हे पत्रक होते.

हे पत्रक आज संघपरिवाराचे लोक मोठ्या आवडीने उद्धृत करतात. बघा, तुमच्या बाबासाहेबांनी काय सांगितले होते, असे आम्हालाच ऐकवतात. पण गोष्ट अर्ध्यावर तोडायची ही त्यांची जुनी खोड आहे. पुढच्याच महिन्यात, १८ डिसेंबर १९४७ रोजी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. त्या पत्रात पाकिस्तान सरकारविरुद्ध तक्रार होतीच. सफाईची आणि हलकी कामे करायला माणसे हवीत म्हणून ते सरकार दलितांना बाहेर पडू देत नाही, हे त्यांनी मांडले. पण त्याच पत्रात दुसरी तक्रार भारताविरुद्ध होती. भारत सरकारच्या निर्वासित छावण्यांत दलितांना राहता येत नाही, कारण तेथील अधिकारी त्यांच्याशी भेदभाव करतात. आणि मदतखात्याचा नियम असा की, जो छावणीत राहील त्यालाच धान्य आणि कपडे मिळतील. म्हणजे छावणीत घेत नाहीत म्हणून बाहेर, आणि बाहेर आहे म्हणून उपाशी!

आमच्या मते संकटग्रस्तांना मदत करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात हे पत्र लावले पाहिजे. मदतीलाही जात असते. धान्याच्या पोत्यावर जात लिहिलेली नसते, पण ते पोते कुणाच्या दारात उतरणार हे वाटणाऱ्याची जात ठरवते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून गोदावरीच्या पुरापर्यंत मराठवाड्याने हे अनेकदा पाहिले आहे. आज पाकिस्तानातून राजस्थानात आलेले भिल्ल आणि मेघवाळ, ढाक्यातील सफाई कामगारांच्या हरिजन वस्त्या, यांच्याकडे जागतिक संस्थांचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. ढाक्याच्या मिरनजिल्ला वस्तीवर २०२४ च्या जून महिन्यात बुलडोझर चालला, तेव्हा ‘बांगलादेशातील हिंदूंवर अत्याचार’ म्हणून गळे काढणाऱ्यांपैकी कितीजण बोलले? घर झाडूवाल्याचे होते ना!

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उच्चार केला पाहिजे. परदेशातल्या पीडितांचे दुःख हे इथल्या राजकारणाचे सरपण झाले आहे. बांगलादेशात देवळावर दगड पडला की महाराष्ट्रात मोर्चे निघतात. ते मोर्चे बांगलादेशातील एकाही कुटुंबाला एक किलो तांदूळ पोहोचवत नाहीत. ते जातात इथल्या मुसलमानांच्या मोहल्ल्यांवरून. ‘बांगलादेशी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो आणि मुंबईत गवंडीकाम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या माणसालाही २०२५ साली थेट हद्दीपलीकडे ढकलले गेले. नंतर तो आपलाच नागरिक निघाला म्हणून परत आणावे लागले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात ‘बौद्ध’ हा शब्द आहे म्हणून आपल्यातल्या काहींना बरे वाटले होते. पण तो कायदा नीट वाचा. मिझोराम आणि अरुणाचल या राज्यांना तो लागूच नाही. चितगावच्या पहाडातून आलेले बौद्ध मोठ्या संख्येने राहतात कुठे? त्याच राज्यांत! अरुणाचलातील चकमा आणि हाजोंग १९६४ पासून तेथे आहेत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करा म्हणून सांगितले, २०१५ साली तीन महिन्यांत नागरिकत्वाचे काम पूर्ण करा म्हणून सांगितले. ते तीन महिने वर्षानुवर्षे लांबले. तेव्हा बौद्धांचे नाव कायद्यात घालणे वेगळे आणि बौद्धांना हक्क देणे वेगळे.

त्यांचे ढोंग उघडे पाडले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. संघाचे लोक या विषयावर बोलतात, म्हणून आपण बोलायचे नाही, असा एक विचित्र पायंडा आपल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या मित्रांनी पाडला आहे. चितगावच्या पहाडातील बौद्धांबद्दल बोलले तर मुसलमानविरोधी ठरू, ही भीती. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. जुलूम करणाऱ्याचा धर्म पाहून गप्प बसणे आणि जुलूम सोसणाऱ्याचा धर्म पाहून बोलणे, ही एकाच नाण्याची दोन पाने आहेत.

आणि आपल्या धर्माचे लोक जुलूम करतात तेव्हा काय करायचे? हा प्रश्नही टाळता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी कुशीनगरला राहत असले तरी मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. आपल्या त्रिशरण-पंचशीलाचा एक धागा त्या भूमीतून आला आहे. आज त्या आराकानला राखाईन म्हणतात. २०१७ च्या ऑगस्टपासून तेथून सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून आले. त्यांची गावे ब्रह्मी लष्कराने जाळली आणि त्याआधी अनेक वर्षे विराथूसारखे चिवरधारी लोक मुसलमानांविरुद्ध विष पेरत होते. चिवर अंगावर आहे म्हणून आम्ही त्याला बुद्धाचा माणूस म्हणायचे काय? मनुवाद्यांच्या भगव्याला आम्ही जे प्रश्न विचारतो, तेच विराथूच्या चिवराला विचारले पाहिजेत.

शिवाय एका ठिकाणची आग दुसऱ्या ठिकाणी कशी पोहोचते तेही पाहा. रोहिंग्यांच्या छावण्या आहेत कॉक्स बाजार जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात रामू नावाचे गाव आहे. २०१२ च्या जून महिन्यात आराकानात दंगली झाल्या आणि मुसलमान मारले गेले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरच्या रात्री रामूत फेसबुकवरच्या एका चित्राचे निमित्त झाले. ते एका बौद्ध तरुणाने टाकल्याची अफवा उठली, हजारोंचा जमाव चालून आला आणि एका रात्रीत बारा विहार व पन्नासच्या आसपास घरे जाळली गेली. शतकानुशतकांच्या बुद्धमूर्ती आणि ताडपत्रांवरचे ग्रंथ राख झाले. आराकानच्या मुसलमानाचा सूड रामूच्या बौद्धावर घेतला गेला, ज्याने आयुष्यात आराकानच्या मुसलमानाचे काही वाकडे केले नव्हते. वर्षभरात सरकारने लष्कराकरवी विहार पुन्हा बांधून दिले. खटले मात्र रेंगाळले. विटा-सिमेंट मिळाले, पण न्याय मिळाला नाही, असे रामूचे लोक सांगत आले आहेत.

आणि या रामूच्या बौद्धांनी, या जळालेल्या माणसांनी, पाच वर्षांनंतर काय करावे? २०१७ साली रोहिंग्यांचे लोंढे आले, तेव्हा बांगलादेशातील बौद्धांच्या संघटनांनी ठरवले की, यंदा प्रवारणा पौर्णिमेला आकाशात कंदील सोडायचे नाहीत, तो पैसा रोहिंग्यांच्या मदतीला द्यायचा. आपल्या दिवाळीइतका तो कंदिलांचा उत्सव त्यांना प्रिय आहे. ढाक्याच्या धर्मराजिक विहारात रमजानच्या महिन्यात गरीब मुसलमानांना रोज संध्याकाळी इफ्तारचे अन्न वाटण्याची प्रथा भन्ते शुद्धानंद महाथेरो यांनी सुरू केली.  २०२० साली ते गेले. ज्याला ‘सेवाभावी संस्था’ म्हणतात ती अशी असते. तिच्याकडे ना जीप, ना परदेशी सल्लागार. तिच्याकडे विहाराचे अंगण आणि अन्नाची पाकिटे होती.

परभणीला दहशतीची ओळख नाही असे कुणी समजू नये. २१ नोव्हेंबर २००३ रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या दिवशी, परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. २७ ऑगस्ट २००४ रोजी पूर्णा आणि जालन्याच्या मशिदींत झाले. तोही शुक्रवारच होता. २०१६ साली इसिसशी संबंध असल्याच्या आरोपावरून एटीएसने परभणीतील तरुणांना पकडले. सीरिया-इराकच्या वाळवंटातले युद्ध असे आपल्या गल्लीत येऊन पोहोचते. आणि ज्या मशिदीत स्फोट झाला तिच्यापासून काही अंतरावर तुरत पीरच्या, म्हणजे शाह तुराबुल हकच्या उरुसात सगळ्या जातिधर्मांची माणसे रेवड्या घ्यायला जातात. परभणीचे हे दोन्ही चेहरे खरे आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये तर दहशत आपल्या वस्तीत वर्दी घालून आली. १० डिसेंबरला रेल्वे स्टेशनसमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलिसांनी भीमनगर आणि आजूबाजूच्या वस्त्यांत शिरून जे ‘कोम्बिंग’ केले, ते परभणीची आई-बहीण विसरणार नाही. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. अंगावरील अनेक जखमांचा धक्का हे कारण शवविच्छेदनात नोंदले गेले. सोमनाथ वडार समाजाचा होता, संविधानासाठी रस्त्यावर आला होता. त्याच्या आईने पैशाची मदत नाकारून न्याय मागितला. ॲड. प्रकाश आंबेडकर तिच्या वतीने उच्च न्यायालयात उभे राहिले आणि २०२५ च्या जुलैत गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

त्या दिवसांत परभणीला काय लागले होते? वकील लागले. जखमांचे फोटो आणि कागद नीट जपणारी माणसे लागली. घरातला कमावता तुरुंगात गेल्यावर पंधरा दिवसांचा किराणा लागला. आणि बाहेरच्या जगाला खरी हकिकत सांगणारे कुणीतरी लागले. दिघीनाल्याच्या माणसालाही नेमके हेच लागते. परभणीच्या कार्यकर्त्याइतके हे दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून आम्ही म्हणतो, रांगामाटीची हाक ऐकण्याचा अधिकार परभणीला आहे.

आता काम कसे करायचे ते बोलू. आपल्याकडे सामाजिक संस्था म्हटली की एक लेटरहेड, एक रबरी शिक्का आणि अध्यक्ष महोदयांचा चौकातला फ्लेक्स. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचे, निवेदन देतानाचा फोटो छापून आणायचा (आमच्याकडेही असे फोटो रोज येतात, ते आम्ही छापतोही) आणि विषय संपला. जिल्हाधिकारी ते निवेदन ढाक्याला पाठवणार आहेत काय? असल्या निवेदनांनी दिघीनाल्याच्या जळालेल्या दुकानाला एक पत्राही मिळत नाही.

दुसरीकडे एक उदाहरण घ्या. १९८० साली इंग्लंडमधील काही बौद्धांनी, ज्यांचा परभणी-नांदेडशी काही संबंध नव्हता, भारतातील दलित-बौद्ध मुलांसाठी निधी उभा करायला सुरुवात केली. तीच आजची करुणा ट्रस्ट. तिचे कार्यकर्ते संध्याकाळी थंडीत दारोदार जात, बेल वाजवत, अनोळखी माणसाला आपल्या मुलांची गोष्ट सांगत आणि दरमहा थोडी थोडी रक्कम देण्याची विनंती करत. त्या पैशातून त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या ‘बहुजन हिताय’ची वसतिगृहे महाराष्ट्रात उभी राहिली. कितीतरी खेड्यांतली पोरे तेथे राहून शिकली. आपल्यासाठी परक्यांनी दारे ठोठावली. आता आपण कुणासाठी ठोठावणार, हा प्रश्न आम्ही नोकरदार, पेन्शनर, प्राध्यापक, डॉक्टर झालेल्या धम्मबांधवांना विचारतो.

पैसा गोळा करणे सोपे, तो कायद्याने पोहोचवणे अवघड, हेही सांगून ठेवतो. आपल्या धर्मादाय न्यासाने देशाबाहेर खर्च केला तर त्यावर आयकराची सूट आपोआप मिळत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी घ्यावी लागते. परदेशातून पैसा घ्यायचा तर परकीय देणगी कायदा आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने असा पैसा दुसऱ्या लहान संस्थेला देणेच बंद केले. ओळखीच्या माणसाच्या हातून हद्दीपलीकडे रोकड पाठवू, असा शहाणपणा कुणी करू नये. त्यात पाठवणारा अडकतो आणि ज्याला मिळते त्याच्या गळ्याला फास लागतो. आधीच पहाडातल्या प्रत्येक माणसावर ‘भारताचा हस्तक’ असा संशय घेतला जातो.

मग करण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते हद्दीच्या अलीकडेच आहे. त्रिपुरा, मिझोराम, अरुणाचलात चकमांची मुले आहेत. त्यांतल्या दोन-चार मुलामुलींना परभणीच्या एखाद्या वसतिगृहात जागा देणे अशक्य आहे काय? येथे कृषी विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत. नागपूरच्या नागलोकमध्ये निरनिराळ्या राज्यांतले तरुण एकत्र राहून शिकतातच. ती मुले येथे आली तर आपल्या पोरांना कळेल की बौद्ध म्हणजे फक्त मराठवाडा-विदर्भ नव्हे. नागरिकत्वाच्या कज्ज्यांसाठी वकील लागतात. आंबेडकरी वकिलांची संख्या आज कमी नाही. वर्षातून आठ दिवस त्यांनी दियून-चांगलांगला जाऊन कागद तयार करायला मदत करावी. आपल्यातल्या इंग्रजी जाणणाऱ्या प्राध्यापकांनी पहाडातल्या संघटनांचे अहवाल मराठीत आणावेत. आम्ही ते या पानावर छापू. आपले जे लोक लंडन, जिनिव्हा, न्यूयॉर्कला जाऊन जातिभेदाचा प्रश्न मांडतात, त्यांनी आपल्या भाषणात पाच मिनिटे गुइमारासाठी द्यावीत.

मात्र काय हवे हे त्यांना विचारून. आपल्या जुन्या साड्या आणि कांबळी बांधून पाठवण्याचा उत्साह आवरावा. आपल्या दारात असली गाठोडी आणून टाकणाऱ्यांचा आपल्याला किती राग येत होता ते आठवावे. पीडिताचा चेहरा वर्तमानपत्रात छापण्यापूर्वी त्याच्या जिवाला धोका होईल काय, हे पाहावे. त्यांच्यातही गट आहेत. करार मानणारे आणि न मानणारे एकमेकांवर गोळ्या झाडतात. रिपब्लिकन गटांची सवय असलेल्या आपल्याला याचे आश्चर्य वाटू नये, पण म्हणून एका गटाचे झेंडे आपण परभणीत मिरवायचे नाहीत. विधवेला आणि पोराला गट नसतो, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे.

हिशेबाचे काय, हे तुम्ही विचारणारच, आणि विचारलेच पाहिजे. आपल्या समाजात दानाला तोटा नाही. मजुरी करणारी बाई दीक्षाभूमीला जाताना दहा रुपये बाजूला काढते. पण त्या दहा रुपयांचे पुढे काय झाले हे तिला कुणी सांगत नाही, म्हणून पुढच्या वेळी तिचा हात आखडतो. तेव्हा नोंदणीकृत न्यासाच्या बँक खात्यातच पैसा घ्यावा, धर्मादाय कार्यालयात हिशेब वेळेवर द्यावा आणि त्याची एक प्रत विहाराच्या भिंतीवर चिकटवावी. मग ती बाई स्वतः वाचेल, नाहीतर तिची नात वाचून दाखवेल.

पूर्णेच्या विहाराने धम्म परिषदांची परंपरा वर्षानुवर्षे चालवली आहे, लांबलांबचे भिक्खू तेथे येऊन गेले आहेत. पुढच्या परिषदेला चितगावच्या पहाडातील एका भिक्खूला बोलावण्याचा प्रयत्न व्हावा. व्हिसा मिळाला नाही तर त्रिपुरातून एखाद्या चकमा भिक्खूला बोलवावे, रेल्वेचे तिकीट आपण काढू. त्यांना हार-तुरे घालून दोन मिनिटांत खाली बसवू नये. तासभर बोलू द्यावे, त्यांची बंगाली किंवा हिंदी कुणीतरी मराठीत सांगावी. आणि त्या मांडवात मोहम्मदिया मशिदीच्या जमातीतले चार लोकही समोर बसलेले असावेत.